विजापूरचें थोरपण : कांहीं इमारती व कांहीं शब्द

मराठी शाळेंतील व्याकरणाच्या पुस्तकाच्या अखेरीस समानार्थी व विरुद्धार्थी शब्दांची एक यादी बहुधा असतेच. तींत ‘विशाल, भव्य, प्रचंड, विराट, अवाढव्य’ अशी एक ओळ सांपडते, आणि या सर्वांपुढें विरुद्धार्थी म्हणून ‘लहान’ हा एकच गरीब शब्द उभा केलेला असतो. मुलें ती ओळ पाठ करतात, परीक्षेंत गुण मिळवितात, आणि पुढें जन्मभर हे पांचही शब्द एकाच पोत्यांतील वाटाण्यांप्रमाणें वापरीत राहतात. हल्लीं तर पांचांपैकीं चार शब्दांस जणूं कायमची सुटी मिळाली आहे. पाऊस प्रचंड, गर्दी प्रचंड, अभ्यास प्रचंड, आणि आमरसही ‘प्रचंड आवडलेला’, असें घरोघर ऐकूं येतें. कोठार भरलेलें आहे, पण घरांतील मंडळी एकाच मडक्यांतलें धान्य काढीत आहेत, असा हा प्रकार आहे.

वास्तविक समानार्थी शब्द हे एका घरांतील भावांसारखे असतात. आडनांव एक, चेहऱ्याची ठेवण एक. पण एक हिशेबाचा, एक बाजारहाटाचा, एक पाहुण्यारावळ्यांचा. कोणास कोणतें काम सांगावें हें घरच्या कर्त्या माणसास नेमकें ठाऊक असतें, आणि तें ठाऊक असतें म्हणूनच घर चालतें. शब्दांच्या घराचेंही असेंच आहे. पण ‘विशाल’ व ‘अवाढव्य’ यांतील भेद फळ्यावर लिहून मुलांस कितीही समजाविला, तरी तो कानांतून मनांत उतरत नाहीं. त्यासाठीं मोठेपणाचे निरनिराळे प्रकार एकाच ठिकाणीं, एकमेकांशेजारीं उभे असलेले डोळ्यांनीं पाहावे लागतात. असें एक गांव आहे, व तें आम्हां महाराष्ट्रीयांच्या अगदीं उंबरठ्याशीं आहे. तें म्हणजे विजापूर. गेल्या पौषांत आमचे धाकटे बंधु, भावजय, दोन सुना, पुतण्या व नातवंडें अशीं नऊ माणसें घेऊन आम्ही तेथें गेलों होतों. त्या दोन दिवसांत जें पाहिलें व जे शब्द आठवले, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

विजापूर आज कर्नाटकांत आहे, आणि २०१४ सालापासून त्याचें सरकारी नांव विजयपुर असें झालें आहे. परंतु १९५६ सालच्या नोव्हेंबरपर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यांतच होता. आणि सतराव्या शतकांतील मराठ्यांचा इतिहास तर विजापूरचें नांव घेतल्यावांचून सांगतांच येत नाहीं. शहाजीराजे या दरबारचे सरदार होते, आणि शिवछत्रपतींचा पहिला झगडाही याच दरबाराशीं झाला.

सोलापुराहून विजापूर सुमारें शंभर किलोमीटर. वाटेंत भीमा ओलांडावी लागते. दोन्ही अंगांस काळी जमीन, ज्वारीचीं शेतें, आणि दृष्टि अडेल असा डोंगर कोठें नाहीं. या सपाटीवर गांव दिसण्याच्या आधीं गोलघुमट दिसतो. आमच्या धाकट्या नातीनें गाडीच्या खिडकींतून तो पाहिला आणि हिरमुसून विचारलें, “आजोबा, एवढासाच?” तिचें म्हणणें खोटें नव्हतें. त्या सपाट क्षितिजावर घुमटाशेजारीं माप लावण्यास कांहींच नसल्यामुळें तो पालथ्या वाटीसारखा दिसत होता. पुढें आवारांत शिरून आम्ही चालूं लागलों, आणि भिंतीच्या पायथ्याशीं उभीं असलेलीं माणसें दिसलीं तेव्हां ती पोर एकदम थांबली. माणूस तिळाएवढा दिसला, तेव्हां कोठें घुमट पर्वताएवढा झाला. विरुद्धार्थी शब्दाचें भाषेंत काम तें हेंच. लहानाचें भान जवळ नसेल, तर ‘मोठें’ या शब्दाला मापच उरत नाहीं.

गोलघुमट ही महंमद आदिलशहाची कबर. त्यानें १६२७ पासून १६५६ पर्यंत राज्य केलें व तो येथेंच चिरविश्रांति घेत आहे. घुमटाखालील दालन चौरस असून त्याची प्रत्येक बाजू सुमारें १३५ फूट आहे. या सर्व जागेंत एकही खांब नाहीं. मधोमध एका चौथऱ्यावर बादशहा व त्याचीं कुटुंबीय माणसें यांच्या कबरी दिसतात. खऱ्या कबरी त्याच्याखालीं तळघरांत आहेत. चारी कोंपऱ्यांस अष्टकोनी मनोरे असून त्यांचे मजल्यावर मजले चढत गेले आहेत.

एवढ्या चौकोनावर गोल घुमट बसविला कसा, हें समजून घेण्यासारखें आहे. कारागिरांनीं दालनांत आठ कमानी एकमेकींस छेदून जातील अशा उभारल्या. एका चौकोनावर दुसरा चौकोन तिरपा ठेविला असतां जशी आठ टोंकांची रांगोळी होते, तशी त्यांची मांडणी आहे. या कमानी वर जातां जातां आंत झुकतात आणि चौकोनाचे कोंपरे भरून काढून माथ्यावर घुमटाला बैठक करून देतात. घुमट आपल्या भारानें बाहेर रेटा देतो. आंत झुकलेल्या या बांधकामाचें वजन त्या रेट्याला उलट ओढून धरतें. बाहेर ढकलणारें व आंत ओढणारें अशा दोन विरुद्ध बळांनीं एकमेकांस सांभाळल्यामुळें ही इमारत साडेतीन शतकांहून अधिक काळ उभी आहे.

येथें योग्य शब्द ‘विशाल’. हा शब्द पाणिनीनें मोठ्या गंमतीनें साधला आहे. ‘वि’ या उपसर्गालाच प्रत्यय लावून त्यानें ‘विशाल’ व ‘विकट’ हे शब्द सिद्ध केले, आणि तशाच रीतीनें ‘सम्’ या उपसर्गापासून ‘संकट’. ‘वि’ म्हणजे दूर दूर होणें. ‘सम्’ म्हणजे एकत्र येणें. संस्कृतांत ‘संकट’ याचा मूळ अर्थ अरुंद, चेंगराचेंगरीची जागा असा आहे. तेव्हां विशालाचा खरा प्रतिशब्द ‘लहान’ नसून ‘संकट’ होय. एखादा मनुष्य संकटांत आहे असें आपण म्हणतों, तेव्हां त्याला अंग हलविण्यास जागा उरलेली नाहीं, हेंच नकळत बोलत असतों.

या दोन शब्दांची जोडी गोलघुमटांत पायांनीं अनुभवास येते. वर जाण्याचा जिना कोंपऱ्याच्या मनोऱ्यांतून आहे. पायऱ्या उंच, वाट अरुंद, आणि वरून उतरणारी मंडळी भेटली कीं भिंतीस अंग चिकटवून उभें राहावें लागतें. आमच्या भावजय चौथ्या मजल्यावर बसल्या व म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही व्हा पुढें, मी येथेंच तुमची वाट पाहतें.” नातवंडांनीं त्यांस हात देऊन वर नेलें. मनोऱ्याचें टोंक गांठून, गच्चीवरून घुमटाच्या लहानशा दारांतून आंत पाऊल टाकलें, आणि सज्जाच्या कठड्यापाशीं ती अफाट पोकळी एकाएकीं समोर आली. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि एवढेंच म्हणाल्या, “अग बाई!” अमरकोशाच्या विशेष्यनिघ्नवर्गांत पृथु, बृहत्, विपुल, उरु, महत् असे थोरपणाचे पुष्कळ शब्द आहेत. पण त्या क्षणीं त्यांतला एकही त्या दोन शब्दांच्या जवळपास आला नसता.

हा सज्जा घुमटाच्या आंतून सभोंवार फिरला आहे. समोरासमोरचें अंतर सुमारें १२४ फूट. येथें एकदां टाळी वाजविली असतां ती सात वेळां, किंबहुना त्याहूनही अधिक वेळां, परत ऐकूं येते. त्यामुळें येणारा प्रत्येक जण टाळ्या वाजवितो, आरोळ्या देतो, शिट्या घालतो. आणि अशा पन्नास जणांच्या आरोळ्या एकत्र झाल्या म्हणजे कोणाचेंच कांहीं कळत नाहीं, नुसता गोंगाट उरतो. आम्ही दुसऱ्या दिवशीं दार उघडतांच पुनः गेलों. तेव्हां वर आमच्या मंडळींखेरीज कोणी नव्हतें. नातीला एका बाजूस भिंतीशीं तोंड करून उभें केलें व सांगितलें, “बाळ, तुला येत असलेला सर्वांत लहान शब्द अगदीं हळू बोल.” आम्ही पलीकडच्या बाजूस जाऊन भिंतीला कान लावला. थोड्या वेळानें, जणूं कोणी खांद्याशीं उभें राहून बोलावें तसा, स्पष्ट आवाज आला, “तीळ.” भिंतीचा वांक धरून तो शब्द सारा घुमट फिरून आला होता. आदल्या दिवशींच्या आरोळ्यांतील एकही शब्द आम्हांस आठवत नाहीं. हा मात्र अजून कानांत आहे.

खालीं आल्यावर एक वाटाड्या पाहुण्यांस सांगत होता कीं हा जगांतील दोन नंबरचा घुमट. ‘सर्वांत मोठा’, ‘दुसरा मोठा’ असलीं विशेषणें ऐकलीं म्हणजे ‘कशानें मोठा’ हें प्रथम विचारावें. गोलघुमटाचा बाहेरील व्यास १४४ फूट आहे, आंतील सुमारें १२४. रोम येथील पँथिऑन या प्राचीन देवालयाच्या घुमटाचा आंतीलच व्यास सुमारें १४२ फूट आहे. या हिशेबानें पँथिऑन थोर. पण पँथिऑन गोल आहे व त्याच्या घुमटाखालीं सुमारें १५,८०० चौरस फूट जागा येते. विजापूरच्या चौरस दालनांत ती १८,००० चौरस फुटांहून अधिक भरते. या हिशेबानें विजापूर थोर. आमच्या पुतण्यानें तेथेंच पायरीवर बसून दोन्ही गुणाकार करून दाखविले, तेव्हां वाटाड्याही मोठ्या आवडीनें ऐकत उभा राहिला. तमभावाचें विशेषण वापरतांना माप सांगावें, नाहीं तर तें वापरूं नये, हा धडा मुलांस तेथें आयता मिळाला.

गोलघुमटाकडून पश्चिमेस गांवांत येतांना जुम्मा मशीद लागते. पहिल्या अली आदिलशहानें ती बांधविण्यास घेतली. तिच्या फरशीवर एकेका माणसाच्या नमाजापुरते सव्वादोन हजार चौकोन आंखलेले आहेत. हिला आम्हीं ‘प्रशस्त’ म्हटलें. प्रशस्त म्हणजे मुळांत ‘वाखाणलेलें’; मराठींत त्याचा अर्थ ‘ऐसपैस’ असा झाला. माणसाला पाय पसरण्यास जागा मिळाली कीं तो स्तुति करूं लागतो, याचा हा पुरावाच समजावा. याचा प्रतिशब्द ‘कोंदट’.

तेथून जवळच असार महाल आहे. समोर तळें, पुढें उंच लांकडी खांबांचें दालन. १६४६ च्या सुमारास न्यायकचेरी म्हणून बांधलेल्या या वाड्यांत पुढें पैगंबरसाहेबांच्या दाढीचे दोन केस भक्तिभावानें जतन करून ठेविले गेले, आणि त्यावरूनच त्याला हें नांव मिळालें. आम्ही वाड्याबाहेर उभे असतां मनांत एक विचार आला. पलीकडे १८,००० चौरस फुटांच्या छपराखालीं एका बादशहाची कबर, आणि येथें एवढा वाडा दोन केसांसाठीं. अमरकोशांत लहानपणाचे शब्द मोठेपणाच्या शब्दांहून कमी नाहींत. अणु, लव, लेश, कण, त्रुटि, स्तोक असे किती तरी आहेत. पण त्यांपैकीं एकाही शब्दाचा अर्थ ‘हलक्या मोलाचें’ असा नाहीं. लहान व क्षुद्र हे शब्द एका ओळींत घालणाऱ्यांनीं असार महालासमोर क्षणभर उभें राहावें.

पुढें बारा कमान. महंमदाचा मुलगा दुसरा अली आदिलशहा यानें स्वतःसाठीं आरंभिलेली ही कबर. बापाच्या घुमटाहून आपली इमारत थोर व्हावी, असा त्याचा संकल्प असल्याचें सांगतात. उंच चौथरा आहे, काळ्या दगडाच्या कमानींच्या रांगा आहेत. वर छप्पर नाहीं, माथ्यावर नुसतें आकाश. १६७२ त अली वारला आणि काम जेथल्या तेथें राहिलें.

मराठी वाचकाला येथें सनावळी आपोआप आठवते. ज्या १६५६ सालीं महंमद आदिलशहा गोलघुमटांत विसांवला, त्याच सालच्या आरंभीं शिवाजीराजांनीं जावळी घेतली होती. अलीच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनीं, १६७४ त, रायगडावर राज्याभिषेक झाला. आणि १६८६ त औरंगजेबानें विजापूर जिंकून आदिलशाही संपविली. विराटाचा प्रतिशब्द ‘वामन’ असें आम्ही मुलांस शिकवीत आलों. पण पुराणांतील वामन हाच पुढें विराट होतो, हें त्या जोडींतील मर्म आहे. राजधानींत दगडाचा घुमट चढत होता तेव्हां मावळांत काय वाढत आहे, याची मोजदाद करणारें माप विजापूरच्या दरबारांत कोणापाशीं नव्हतें.

पश्चिमेच्या बाजूस उपली बुरूज म्हणून एक टेहळणीचा बुरूज आहे. उंची सुमारें ८० फूट, बाहेरून वळसे घेत जाणाऱ्या पायऱ्या, आणि माथ्यावर लांबलचक तोफा. त्यांतील मोठी सुमारें तीस फूट लांब आहे. बुरूज ‘उत्तुंग’, त्याचा प्रतिशब्द ‘ठेंगणा’. तोफ ‘लांबलचक’, तिचा प्रतिशब्द ‘आंखूड’. उंचीचें माप लांबीला चालत नाहीं, आणि दोहोंनाही ‘लहान’ हा शब्द लागत नाहीं, एवढें येथें पाहिलें म्हणजे पुरें.

परंतु मुलांना ओढ होती ती तटावरच्या मुलुखमैदान तोफेची. ‘मलिक-इ-मैदान’ म्हणजे रणभूमीचा स्वामी. १५४९ सालीं अहमदनगरास निजामशाहींत महंमद बिन हुसेन रूमी नांवाच्या कारागिरानें ती ओतली. लांबी १४ फुटांहून थोडी अधिक, तोंडाचें आरपार भोंक सुमारें सव्वादोन फूट, आणि वजन सुमारें ५५ टन धरतात. तोंड अक्राळविक्राळ श्वापदाचें असून त्याच्या जबड्यांत हत्ती चिरडलेला दाखविला आहे. पुढें ती परांड्याच्या किल्ल्यांत होती. तेथून १६३२ च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें ती विजापुरास आणिली. ज्यानें पुणें उजाड केलें तोच हा मुरार जगदेव. तोफ डागणारा गोलंदाज बत्ती देतांच शेजारच्या पाण्याच्या हौदांत बुडी मारी, नाहीं तर त्या आवाजानें त्याचे कान जात, अशी आख्यायिका तेथें अजून सांगतात.

येथें मात्र ‘प्रचंड’ हा शब्द पुरा शोभतो. ‘चंड’ म्हणजे तापलेला, उग्र, क्रुद्ध. प्रचंड हें आकाराचें विशेषण नव्हे. तें जोराचें आहे. वारा प्रचंड असतो, ज्वाळा प्रचंड असते, तोफेचा आवाज प्रचंड असतो. त्याचा प्रतिशब्द मंद किंवा सौम्य. उन्हांत ठेवलेल्या या तोफेवर नातवानें हात ठेविला तेव्हां ती थंड लागली; बोटाच्या पेरानें हळूच टकटक केली तेव्हां घंटेसारखा गोड नाद निघाला. रणांगणाच्या स्वामीचा आजचा आवाज एवढाच उरला आहे. आणखीही एक गोष्ट सांगतात कीं, १८५४ त इंग्रज अंमलदारांनीं निकामी तोफा लिलांवांत काढल्या, तेव्हां हिला १५० रुपयांची बोली आली. सुदैवानें विक्री रद्द झाली व तोफ राहिली. तिचें नांव मात्र मराठींत जिवंत आहे. सभा हलवून सोडणाऱ्या वक्त्याला आपण अजून ‘मुलुखमैदान तोफ’ म्हणतों. ज्यानें ही उपमा प्रथम दिली त्याला ‘प्रचंड’चा अर्थ पक्का ठाऊक असला पाहिजे; कारण त्यानें वक्त्याचा आकार पाहिला नाहीं, आवाज ऐकला.

शेवटीं तटाबाहेर पश्चिमेस इब्राहिम रोजा. महंमदाचा बाप दुसरा इब्राहिम आदिलशहा याची ही कबर. १६२७ च्या सुमारास ती पुरी झाली. एका चौथऱ्यावर कबर व मशीद समोरासमोर, मध्यें पाण्याचा हौद. गोलघुमट पाहून आलेल्याच्या डोळ्यांना ही इमारत प्रथम बेताची वाटते. मग मनुष्य जवळ जातो, आणखी जवळ जातो, आणि दोन तास कसे गेले तें कळत नाहीं. बारीक मनोरे, कोरीव छत, दाराखिडक्यांवर अक्षरेंच अक्षरें. खिडक्यांस जाळी आहे ती अक्षरांचीच. अक्षरांच्या मधल्या फटींतून आंत उजेड येतो. जन्मभर अक्षरें गिरविण्यांत घालविलेल्या माणसानें तेथें पोथीपुढें बसावें तसें बसावें. आंतील दालनाचें दगडी छत ४० फूट चौरस असून तें जवळ जवळ सपाट आहे. त्याखालीं खांब नाहीं, कमान दिसत नाहीं. शिळा चुन्याच्या जोरावर एकमेकींस धरून राहिल्या आहेत. हा इब्राहिम स्वतः गायक व कवि होता. त्याच्या ‘किताब-इ-नौरस’ या दखनी भाषेंतील ग्रंथांत सरस्वती व गणपति यांचें स्तवन आहे.

‘भव्य’ हा शब्द आम्ही येथवर राखून ठेविला होता. संस्कृतांत भव्य म्हणजे योग्य, शुभ, जसें व्हावें तसें झालेलें. मोठेपणाचा अर्थ त्याला मराठींत चिकटला, पण मूळचा संस्कार गेला नाहीं. म्हणून प्रमाणांत असेल तेंच भव्य. प्रमाण सुटलेलें अवाढव्य. अवाढव्याचा प्रतिशब्द ‘आटोपशीर’ किंवा ‘सुबक’, भव्याचा ‘किरकोळ’. इब्राहिम रोजा आटोपशीर आहे, सुबक आहे आणि भव्यही आहे. शाळेच्या यादींत जे शब्द एकमेकांसमोर शत्रूसारखे उभे असतात, ते येथें एकाच छताखालीं नांदतात.

या तीन इमारती म्हणजे एका घरांतील तीन पिढ्या. आजानें नाजुक काम केलें. नाजुकपणांत बापास मागें टाकणें अशक्य, हें मुलानें जाणलें असावें, कारण कलेचे जाणकार असेंच म्हणतात. म्हणून त्यानें आकाराची वाट धरली, आणि ती वाट त्यानें शेवटास नेली, हेंही खरें. नातवानें त्या आकाराशींच स्पर्धा मांडली व कमानींवर आकाश राहिलें. बापाची कीर्ति मोठी असलेल्या घरांत पुढच्या पिढीनें काय करावें, हा प्रश्न केवळ बादशहांचा नाहीं. आपल्याकडेही वडिलांनीं नेटकें घर बांधलें, मुलानें त्यावर मजले चढविले, आणि नातवाच्या हातीं कर्जाचे कागद व उघड्या सळ्या आल्या, अशीं उदाहरणें वाचकांच्या पाहण्यांत असतीलच. घरच्या गुणांपैकीं आपल्या हातास साधेल तो गुण उचलावा. बापाच्या थोरपणाला आपल्या थोरपणाचें माप करूं नये.

आकाराच्या शब्दांप्रमाणेंच प्रमाणातिरेकाच्या शब्दांचीही आज नासाडी होत आहे. ‘अतिशय’ म्हणजे दुसऱ्यास ओलांडून जाणारें. ‘निरतिशय’ म्हणजे ज्याला कोणीच ओलांडीत नाहीं तें. असें जगांत एखादेंच असणार. पण निरतिशय आनंद आपल्याकडे आठवड्यांतून चारदां होतो. ‘अजस्र’ म्हणजे संस्कृतांत न थांबणारें, अखंड. मराठींत तें धिप्पाड होऊन बसलें. ‘गाध’ म्हणजे पायांनीं ओलांडण्याजोगें उथळ पाणी, म्हणून ‘अगाध’ म्हणजे जेथें पाय टेंकत नाहीं तें. येथें तर विरुद्धार्थी शब्द पोटांतच आहे. अर्थ बदलतात यांत वावगें कांहीं नाहीं; भाषा जिवंत असल्याचेंच तें लक्षण आहे. परंतु सर्व शब्द एकाच अर्थाकडे धांवूं लागले, म्हणजे भाषा श्रीमंत दिसत असतांही भिकारी होते.

याची खरी किंमत केव्हां द्यावी लागते, तें आम्हीं जवळून पाहिलें आहे. आमच्या एका स्नेह्यांच्या पत्नी चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर वारल्या. सांत्वनाचे निरोप आले. हल्लीं ते भ्रमणध्वनीवरच येतात. बहुतेकांत ‘प्रचंड दुःख झालें’ असें होतें. लिहिणाऱ्यांचा भाव खोटा नव्हता. पण आदल्याच आठवड्यांत त्याच मंडळींनीं त्याच जागीं कोणाच्या तरी नव्या गाडीवर ‘प्रचंड आवडली’ असें लिहिलेलें होतें. आमचे स्नेही म्हणाले, “मास्तर, वाचलें सारें, पण मनाला कांहीं लागलें नाहीं. शेजारच्या आजी आल्या, माजघराकडे पाहून ‘घर रितें झालें हो’ एवढेंच म्हणाल्या, आणि तेव्हां मला रडूं आलें.” त्या म्हातारीनें मोठा शब्द घेतला नाहीं, खरा घेतला. मोठे शब्द रोज उधळले म्हणजे खऱ्या प्रसंगीं हातांत नाणें राहात नाहीं.

तेव्हां वाचकांस आमचें एवढेंच सांगणें आहे. सुटींत मुलांना घेऊन विजापुरास अवश्य जावें. दोन दिवस हातीं ठेवावे. गोलघुमटांत दार उघडण्याच्या वेळींच जावें, म्हणजे कुजबूज ऐकूं येईल. इब्राहिम रोजा शेवटीं पाहावा, आणि तेथें घाई करूं नये. बरोबर फूटपट्टी किंवा फीत असूं द्यावी, व प्रत्येक ठिकाणीं मुलांकडून दोन शब्द काढून घ्यावे, एक त्या वस्तूला शोभेल असा, व दुसरा त्याच्या उलट. ज्यांना जाणें जमणार नाहीं, त्यांनीं हाच खेळ रात्रीच्या जेवणाच्या पंक्तींत खेळावा. दिवसांत काय काय पाहिलें तें प्रत्येकानें सांगावें. अट एवढीच कीं ‘प्रचंड’ हा शब्द त्या रात्रीपुरता तोफेकडे ठेवावा. आमच्या घरीं हा खेळ चालूं आहे. गेल्या महिन्यांत पहिला पाऊस आला, तेव्हां धाकट्या नातीनें खिडकींतून पाहून ‘मुसळधार’ म्हटलें, मग हात बाहेर काढून पाहिला, आणि ‘नाहीं, रिमझिम’ अशी आपली आपणच दुरुस्ती केली.